झडप बदलायची, आणि सोबत आणखी काय?

हॉस्पिटलातून आणलेल्या फायलीत शेवटच्या पानाच्या आसपास एक ओळ असते. ‘एमव्हीआर + टीव्ही रिपेअर + एलएए क्लोजर’, किंवा ‘एव्हीआर + सीएबीजी’. घरातला शिकणारा मुलगा मोबाइलवर एकेक अक्षराचा अर्थ शोधतो, आणि सोप्यात बसलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न येतो: आपण एका व्हॉल्व्हसाठी गेलो होतो, मग हे बाकीचं कुठून आलं? दुसरा प्रश्न सहसा कुणी मोठ्यानं विचारत नाही. हे खरंच गरजेचं आहे, की बिल वाढवायला लावलंय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपला माणूस भुलीच्या टेबलावर जाणार असताना ते विचारायला संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून या भागाला मोठ्या दवाखान्याची वाट ठाऊक आहे. सांगली-साताऱ्याचेच काय, अथणी-चिकोडीकडचे रुग्णही पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला येतात. अँजिओग्राफी, बायपास, झडपांची ऑपरेशनं आता मिरज, सांगली, कऱ्हाड, कोल्हापूर या पट्ट्यात होतात, आणि साताऱ्याकडचे पुष्कळ जण पुणं गाठतात. ऑपरेशन घराजवळ आलं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या फायलीतल्या अधिक चिन्हांचा अर्थ समजावून सांगायला कुणी पंधरा मिनिटं बसलं, असं अजून कमीच घडतं. म्हणून हा लेख.

आधी, ही कामं एकत्र का करतात ते पाहू. झडपेच्या नेहमीच्या ऑपरेशनात छातीचं मधलं हाड कापतात, रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात आणि हृदय थांबवतात. अमेरिकेत जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये या यंत्राच्या मदतीनं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. आजही तत्त्व तेच आहे. एवढा सगळा खटाटोप एकदा झाला की शेजारी दिसणारी दुसरी बिघडलेली गोष्ट तशीच ठेवून छाती शिवणं शहाणपणाचं वाटत नाही. बोअरमधली मोटार वर काढली की शेतकरी केबल आणि पाइपही बघून घेतो, त्यातलाच हा विचार.

मात्र मोटार चार दिवस वर राहिली तरी बिघडत नाही. थांबवलेल्या हृदयाला घड्याळ लागलेलं असतं. महाधमनीला चिमटा लावल्यापासून तो काढेपर्यंत हृदयाच्या स्नायूला नेहमीचा रक्तपुरवठा नसतो. पोटॅशियमचं द्रावण देऊन त्याला निजवलेलं असतं. हा वेळ जितका लांबतो तितका हृदयावर, मूत्रपिंडांवर आणि मेंदूवर ताण वाढतो, रक्तस्राव वाढतो, आयसीयूतला मुक्काम वाढू शकतो. उलट, आज सोडलेल्या गोष्टीसाठी सहा-सात वर्षांनी पुन्हा छाती उघडावी लागली, तर हृदय हाडाच्या मागच्या बाजूला चिकटलेलं असतं. ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा जास्त जोखमीचं असतं. आजची वाढीव जोखीम एका पारड्यात आणि उद्याची टळलेली जोखीम दुसऱ्या पारड्यात, असा हा हिशोब आहे. आणि तो प्रत्येक अधिक चिन्हासाठी वेगळा करावा लागतो. ‘उघडलंच आहे तर करून टाकू’ एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही.

आता आपल्या भागातल्या फायली. तिशी-चाळिशीतल्या, विशेषतः बायकांच्या, फायलीत मायट्रल व्हॉल्व्ह दिसला की त्याची सुरुवात बहुधा शाळेच्या वयात झालेली असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूनं दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे एकामागून एक सुजतात. जंतूशी लढायला शरीरानं उभी केलेली फौज स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. हाच ऱ्हुमॅटिक फीव्हर. सांधे बरे होतात, झडप होत नाही. पुढचे हल्ले टाळायला दर २१ दिवसांनी, फार तर चार आठवड्यांनी, बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. जत किंवा माणमधलं एखादं कुटुंब हंगामात ऊसतोडीला बाहेर पडलं की ती साखळी कशी टिकवायची, हा प्रश्न औषधाच्या किमतीपेक्षा कितीतरी अवघड आहे. शाळकरी मुलांच्या तपासणीसाठी असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. गावातल्या शिक्षकांनी आणि आशाताईंनी तिकडे लक्ष दिलं, तर पुढची कितीतरी ऑपरेशनं टळतील.

एकदा मायट्रल झडप आकसली किंवा गळू लागली की पुढची साखळी ठरलेली असते. फुप्फुसांतून आलेलं रक्त हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात तुंबतं आणि कप्पा फुगतो. फुगलेल्या कप्प्यातल्या विजेच्या लहरी भरकटतात, ठोके अनियमित होतात; डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसतं ‘एएफ’ म्हणतात. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, त्यामुळे रक्त साकळतं आणि गुठळी होते. ती गुठळी मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. इकडे फुप्फुसांतला दाब वाढत जातो, हृदयाची उजवी बाजू थकते, तिथली ट्रायकस्पिड झडप ताणली जाऊन गळू लागते, पायांवर सूज चढते, पोट फुगतं. म्हणजे ‘एमव्हीआर (मायट्रल झडप बदलणं) + टीव्ही (ट्रायकस्पिड झडप) रिपेअर + एलएए क्लोजर’ यात तीन वेगवेगळे आजार नाहीत. एकाच आजारानं तीन ठिकाणी केलेलं नुकसान आहे. घरच्यांना एवढं कळलं तरी अर्धी भीती कमी होते.

यातला एलएए, म्हणजे डाव्या वरच्या कप्प्याला लागून असलेली अंगठ्याएवढी पिशवी. एएफ असलेल्या माणसात गुठळी बऱ्याचदा हिच्यातच धरते. म्हणून झडपेचं ऑपरेशन करतानाच ही पिशवी आतून शिवून, कापून किंवा बाहेरून क्लिप लावून बंद करतात. शिवायला दोऱ्याशिवाय फारसं काही लागत नाही, वेळही थोडा जातो. आयात केलेली क्लिप महाग असते.

पिशवी बंद करण्याचा उपयोग होतो का? २०२१ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकारानं झालेल्या ‘लाओस-३’ या अभ्यासाचे निकाल आले. २७ देशांतले ४,७०० हून जास्त रुग्ण होते. सगळ्यांना एएफ होतं आणि दुसऱ्या कारणासाठी हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. निम्म्यांची पिशवी बंद केली, निम्म्यांची नाही. सरासरी पावणेचार वर्षांत पिशवी न बंद केलेल्या १०० पैकी ७ जणांना मेंदूचा झटका आला किंवा शरीरात दुसरीकडे गुठळी अडकली. बंद केलेल्यांत हा आकडा ५ च्या खाली आला. ऑपरेशनची जोखीम त्यामुळे वाढलेली दिसली नाही. वैद्यकात इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. २०२३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी, एएफ असलेल्या आणि झटक्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णाचं हृदयाचं ऑपरेशन होत असेल तर पिशवी बंद करण्याची ठाम शिफारस केली आहे.

पण सांगली-साताऱ्याच्या वाचकानं इथे जरा थांबावं. त्या अभ्यासातल्या रुग्णांचं सरासरी वय ७१ होतं, आणि ज्यांना धातूची, म्हणजे मेकॅनिकल, झडप बसवायची होती त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. आपल्याकडे तरुण रुग्णाला बहुधा मेकॅनिकल झडपच बसते, कारण ती जास्त वर्षं टिकते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूनं घडवलेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. नंतर देशभरात ती एक लाखाहून जास्त रुग्णांना बसली आणि किमतीमुळे गरिबाच्याही आवाक्यात आली. अशी झडप असली की तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावीच लागते. शिवाय १९९६ च्या एका बहुचर्चित आढाव्यात असं दिसलं होतं की, ऱ्हुमॅटिक नसलेल्या एएफमध्ये १० पैकी ९ गुठळ्या त्या पिशवीत सापडतात, पण ऱ्हुमॅटिक झडपेच्या रुग्णांत जेमतेम ६. बाकीच्या मोठ्या कप्प्यातच धरतात.

तेव्हा ‘पिशवी बंद केली, आता गोळी सुटली’ हा समज आपल्या रुग्णासाठी जीवघेणा ठरू शकतो. पिशवी बंद करणं हे गोळीच्या जोडीला दिलेलं संरक्षण आहे. आणि गोळी कोणती, यालाही महत्त्व आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात, ज्याच्या प्रमुखांमध्ये दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन होते, ऱ्हुमॅटिक आजार आणि एएफ असलेल्या साडेचार हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी झाली. नव्या, तपासणी न लागणाऱ्या रिव्हारोक्साबॅन गोळीपेक्षा जुन्या वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्या घेणारे रुग्ण जास्त जगले. रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या पीटी-आयएनआरच्या तपासणीसाठी तालुक्याला जावं लागतं म्हणून परस्पर नवी गोळी सुरू करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पिशवीबद्दल आणखी एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. २००८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकनं आपल्याच रुग्णांची पाहणी केली, तेव्हा बंद केलेल्या पिशव्यांपैकी १० तल्या ४ च पूर्ण बंद झालेल्या आढळल्या. अर्धवट बंद झालेल्या पिशवीत रक्त साकळायला उलट जास्त वाव मिळतो. म्हणून ऑपरेशन संपताना अन्ननलिकेतून घेतलेल्या इकोवर, म्हणजे टीईईवर, ती पूर्ण बंद झाली का ते पाहतात. सर्जनना हे विचारलं तर त्यांना राग येऊ नये. चांगल्या सर्जनना येतही नाही. आणि ज्याला एएफ कधी झालंच नाही, त्याचीही पिशवी खबरदारी म्हणून बंद करावी का, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. त्यावर मोठे अभ्यास चालू आहेत.

मेझ नावाची प्रक्रिया याच्या पुढची. डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे ती पहिल्यांदा केली. वरच्या कप्प्याच्या भिंतीवर ठरावीक रेषांत व्रण तयार करायचे, म्हणजे भरकटलेली वीज त्या व्रणांना अडते आणि ठोका पुन्हा सरळ वाटेनं जातो. सुरुवातीला भिंत प्रत्यक्ष कापून शिवत. आता रेडिओलहरींची उष्णता किंवा अतिथंड सळई वापरतात. २०१५ मध्ये मायट्रल ऑपरेशन होणाऱ्या २६० रुग्णांवरचा अमेरिका-कॅनडातला अभ्यास प्रसिद्ध झाला. मेझसारखी प्रक्रिया केलेल्यांपैकी ६३ टक्के लोक वर्षभरानं एएफमुक्त होते, न केलेल्यांपैकी २९ टक्के. पण पेसमेकर बसवावा लागण्याचं प्रमाण प्रक्रिया केलेल्या गटात दुपटीहून जास्त होतं, आणि वर्षभरात जगण्या-मरण्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ठोका नियमित होण्याची शक्यता चांगलीच वाढते, किंमतही मोजावी लागते. ज्याचा कप्पा फार फुगलाय आणि एएफ दहा-बारा वर्षांचं जुनं आहे, त्याच्यात यश कमी मिळतं. आपल्याकडे उशिरा येणारे ऱ्हुमॅटिक रुग्ण बहुतेक याच गटातले. अशा रुग्णाला सर्जननी मेझ सुचवली नाही तर ती हयगय समजू नये. कधी कधी न करणं हाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेकडे पूर्वी फारसं कुणी पाहत नसे. डावीकडची झडप सुधारली की उजवीकडची गळती आपोआप कमी होईल, असं मानत. काही रुग्णांत तसं होतंही. काहींत मात्र मायट्रल झडप छान चालत असताना काही वर्षांनी पाय सुजू लागतात, आणि तेव्हा नुसत्या ट्रायकस्पिडसाठी पुन्हा ऑपरेशन करणं फार धोक्याचं ठरतं. म्हणून आता नियम असा आहे: गळती तीव्र असेल तर डाव्या बाजूच्या ऑपरेशनबरोबरच ती दुरुस्त करावी. गळती कमी असली तरी झडपेचं कडं ४ सेंटिमीटरच्या पुढे ताणलं असेल, किंवा उजवी बाजू निकामी होण्याची लक्षणं आधी येऊन गेली असतील, तर दुरुस्तीचा विचार करावा. दुरुस्ती दोन प्रकारे होते. कड्याला रिंग बसवतात, किंवा रिंगशिवाय टाका ओवून कडं आवळतात. टाक्याची ही पद्धत डी व्हेगा यांच्या नावानं ओळखली जाते आणि ती स्वस्त पडते.

मधल्या पायरीतल्या रुग्णांचं काय? ज्यांची गळती मध्यम आहे, किंवा गळती थोडी पण कडं ताणलेलं आहे, अशा ४०१ जणांवरचा अभ्यास २०२१ च्या अखेरीस आला. दोन वर्षांत मृत्यू, पुन्हा ऑपरेशन किंवा गळती बळावणं यांपैकी काही झालं असे लोक दुरुस्ती केलेल्या गटात सुमारे ४ टक्के, न केलेल्या गटात १० टक्के. हा फरक मुख्यतः गळती वाढण्यातला होता. त्याच वेळी पेसमेकर लागलेले दुरुस्तीच्या गटात १४ टक्के आणि दुसऱ्या गटात अडीच टक्के, कारण हृदयाची मुख्य विजेची तार त्या झडपेच्या अगदी कडेनं जाते. मध्यम गळतीसाठी दुरुस्ती सुचवली असेल तर पेसमेकरच्या शक्यतेबद्दल आधीच विचारा. पंचविशीतल्या मुलीला पेसमेकर लागणं म्हणजे पुढच्या आयुष्यात अनेकदा बॅटरी बदलणं. त्या अभ्यासातले रुग्ण वयानं झिजलेल्या झडपेचे होते, ऱ्हुमॅटिकचे नव्हते. ऱ्हुमॅटिक आजार ट्रायकस्पिडच्या पडद्यांनाही थेट धरू शकतो, आणि तेव्हा टाक्यानं भागत नाही. इथे आकड्यांपेक्षा अनुभवी सर्जनचा डोळा जास्त कामाचा.

ही दुरुस्ती ऑपरेशनच्या आधी ठरवावी लागते, याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो, उजव्या बाजूवरचा भार हलका होतो, आणि गळती होती त्यापेक्षा कमी दिसते. लघवीच्या गोळ्यांनी पाणी काढून टाकलेल्या रुग्णाच्या इकोतही तसंच होतं. त्यामुळे ‘टेबलावर बघू’ हे उत्तर ट्रायकस्पिडबद्दल पुरेसं नाही. जुने टू-डी इको रिपोर्ट फेकू नका. सहा महिन्यांपूर्वीचा पाय सुजलेल्या दिवसातला रिपोर्ट कधी कधी आजच्यापेक्षा खरं बोलतो.

साठी ओलांडलेल्या, तंबाखू-मिश्री किंवा मधुमेह असलेल्या माणसाच्या फायलीतली अधिक चिन्हं वेगळी असतात. त्याची महाधमनीची झडप वयानं कडक झालेली असते, ती बदलणं म्हणजे ‘एव्हीआर’, आणि सोबत ‘सीएबीजी’, म्हणजे बायपास, लिहिलेलं असतं. चाळिशीपुढचे पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका यांची झडपेच्या ऑपरेशनआधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, बहुधा अँजिओग्राफी, करण्याची पद्धत आहे. छातीत कधीच दुखलं नसलं तरी करतात. मुख्य वाहिनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद असेल, डाव्या मूळ वाहिनीच्या बाबतीत ५० टक्के, तर त्याच बैठकीत बायपास करणं योग्य मानतात. आधी स्टेंट घालून मग झडप बदलू, असं काही जण म्हणतात. पण स्टेंटनंतर काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लागतात आणि झडपेचं ऑपरेशन लांबतं. बायपास सोबत करायचं तर पायातली शीर काढतात, त्यामुळे पायावरही जखम असते. मधुमेही माणसाच्या घरच्यांनी तिची काळजी छातीच्या जखमेइतकीच घ्यावी.

जन्मतःच महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोन पाकळ्या असलेले लोक १०० मागे एक-दोन असतात. त्यांच्यापैकी अनेकांत झडपेच्या वरची महाधमनी फुगत जाते. एरवी ती साडेपाच सेंटिमीटरची झाल्यावर बदलतात, पण झडपेसाठी छाती उघडलीच असेल तर साडेचारलाच बदलण्याचा विचार करतात. महाधमनीचं मूळ आणि झडप दोन्ही बदलायचं मोठं ऑपरेशन ह्यू बेंटॉल यांच्या नावानं ओळखलं जातं. त्यांनी ते १९६८ मध्ये प्रसिद्ध केलं. आणि लहान चणीच्या बाईच्या महाधमनीचं कडंच लहान असेल, तर कडं पॅच लावून रुंद करून मोठी झडप बसवतात, नाहीतर नवी झडप बसवूनही धाप पूर्ण जात नाही. मांडीतल्या नळीतून झडप बसवण्याची टावी पद्धत आता वयस्करांसाठी आली आहे, पण वाहिन्या, महाधमनी आणि एएफ हे सगळं एकत्र असेल तर छाती उघडून एकदाच सारं करण्याचं पारडं जड होतं.

जास्त कामं केली म्हणजे ऑपरेशन जास्त चांगलं झालं, असं मात्र नाही. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा उलट्या बाजूनं मिळाला. बायपाससाठी आलेल्या ३०१ रुग्णांची मायट्रल झडप हृदयविकाराच्या झटक्यामुळे मध्यम गळत होती. निम्म्यांत बायपासबरोबर झडपही दुरुस्त केली. गळती कमी झाली, पण दोन वर्षांनी हृदयाचा आकार आणि जगण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं, आणि दुरुस्तीच्या गटात मेंदूशी संबंधित त्रास जास्त झाले. रिपोर्टमध्ये एखादा दोष दिसतो म्हणून तो लगेच दुरुस्त करायलाच हवा, हा आग्रह धरू नये. तो दोष या माणसाला आज त्रास देतोय का, उद्या देणार आहे का, आणि उद्या दिला तर दुसरा मार्ग आहे का, हे विचारावं.

हे विचारायची जागा म्हणजे ऑपरेशनआधीची ओपीडी. संमतीपत्रावर सही करायची वेळ ही ती जागा नव्हे. संमतीपत्रात ‘गरज पडल्यास इतर प्रक्रिया’ असं वाक्य असतं आणि ते असायलाही हवं. छाती उघडल्यावर कप्प्यात गुठळी सापडली तर ती काढायलाच हवी, तेव्हा बाहेर येऊन कुणी परवानगी मागत बसणार नाही. पण जे आधीच ठरलेलं आहे ते त्यावर नावानिशी लिहिलेलं असावं. डॉक्टरसाहेबांना घाईत पाहून गप्प बसू नका. आधी ठरवून वेळ मागा, एकच माणूस बोलायला पुढे करा, आणि बोलणं लिहून घ्या. पाच जणांनी पाच प्रश्न एकदम विचारले की उत्तर एकाचंही नीट मिळत नाही.

पैशाची बाजूही याच बोलण्यात यावी. २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेलेल्या जीवनदायी योजनेचं आताचं रूप म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिचं संरक्षण २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत गेलं आहे. ती ठरलेल्या पॅकेजवर चालते आणि मंजुरी ऑपरेशनआधी घ्यावी लागते. फायलीत दोन-तीन प्रक्रिया असतील तर प्रत्येकीची नोंद मंजुरीत गेली आहे का, रिंग किंवा क्लिप पॅकेजमध्ये धरली आहे का, हे योजनेत असलेल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनआधी विचारा. नंतर विचारलं तर हाती फक्त बिल राहतं. ऑपरेशन लांबणार असेल तर रक्ताची सोय किती बाटल्यांची करायची, हेही विचारून ठेवा आणि गावातल्या तरुणांना आधी सांगा.

शेवटचं काम घरी आल्यावरचं. विटा-खानापूर-आटपाडीची गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरली आहेत. कुणाचं ऑपरेशन दक्षिणेतल्या एखाद्या शहरात होतं, आणि नंतरची तपासणी गावाकडच्या डॉक्टरांकडे. इथल्या डॉक्टरांना आत काय केलं आहे ते छाती पाहून कळत नाही. डिस्चार्ज कार्डावर झडपेचा प्रकार आणि नंबर, रिंग बसवली की टाका घातला, पिशवी बंद केली का आणि ती पूर्ण बंद झाल्याची खात्री केली का, बायपासच्या किती नळ्या जोडल्या, पीटी-आयएनआर किती ठेवायचं, हे सगळं लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका. त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दात काढायला जातानाही ते दाखवा, कारण कृत्रिम झडप किंवा रिंग असलेल्या माणसाला दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो.